किलकिले, मिचमिचे आणि तो तिसरा शब्द

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. विषय एका शब्दाचा आहे. गेल्या महिन्यात हा शब्द आमच्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यापर्यंत जाऊन आला आणि कागदावर न उमटताच परतला. त्यामुळे जरा मुळापासून लिहावं म्हटलं.

आधी आपले घरचे शब्द बघू. डोळे पूर्ण उघडे नाहीत आणि मिटलेलेही नाहीत, अशा डोळ्यांना मराठीत 'किलकिले' म्हणतात. चुलीच्या धुरात डोळे किलकिले होतात. आजारी माणूस दोन दिवसांनी डोळे किलकिले करतो आणि घरातल्यांच्या जिवात जीव येतो. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात शेतकरी बांधावर उभा राहून, कपाळावर आडवा हात धरून, डोळे किलकिले करून आभाळाकडे बघतो. मला या शब्दाची सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे तो फक्त डोळ्यांचा नाही. दारही किलकिलं होतं, खिडकीही. आणि आमच्या धंद्यात तर युतीचं दार दर निवडणुकीला किलकिलं होतं. 'चर्चेची दारे अजून किलकिली' हे शीर्षक मी स्वतः किमान दहा वेळा पानात लावलं असेल.

दुसरा शब्द 'मिचमिचे'. यात थोडी कुचेष्टा आहे. लहान, सारखे उघडझाप करणारे डोळे. म्हातारपणी चष्मा काढल्यावर होतात तसे. मग 'बारीक' डोळे. हे निव्वळ मापाचं वर्णन झालं, पण 'डोळे बारीक करून बघणं' म्हटलं की त्यात संशय आला. तलाठ्यासमोर सातबारा ठेवला की तो बघतो तसं. 'काणाडोळा' तर सगळ्यांना माहीतच आहे. 'प्रशासनाचा काणाडोळा' हे दोन शब्द नसते तर जिल्हा आवृत्तीची अर्धी पानं कोरी गेली असती.

फळा नीट दिसत नाही म्हणून डोळे बारीक करणारं पोर प्रत्येक वर्गात असतं. मास्तर घरी निरोप धाडतात, नंबर काढून घ्या. त्या पोराला कुणी शिकवलेलं नसतं, पण ते जे करतं त्यामागे शास्त्र आहे. पापण्यांची फट अरुंद केली की डोळ्यात तिरके जाणारे किरण अडतात आणि धूसर दिसणारं थोडं रेखीव होतं. जवळचं दिसतं, लांबचं दिसत नाही, या दोषाला इंग्रजीत मायोपिया म्हणतात. तो शब्द ग्रीक आहे आणि त्याचा मूळ अर्थच डोळे मिटणं असा आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही माणसं लांबचं बघायला डोळे बारीकच करत होती.

आणि हेच डोळे देवाचे असले की शब्द बदलतो. अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेण्यातल्या पद्मपाणीचे डोळे खाली झुकलेले, अर्धे मिटलेले आहेत. त्यांना आपण किलकिले म्हणत नाही, 'अर्धोन्मीलित' म्हणतो. पेणच्या गणपती कारखान्यांत डोळ्यांची आखणी शेवटी होते आणि ते काम ज्याच्या हाताला स्थिरता आहे त्यालाच देतात. गणपतीचे डोळे हत्तीचे, म्हणजे बारीकच. त्यांना कुणी मिचमिचे म्हटलं तर बघा काय होतं.

सांगायचं हे, की आपल्याकडे बारीक डोळ्यांसाठी शब्दांची वाण नाही. आणि यातला एकही शब्द कुठल्या जमातीचं किंवा देशाचं नाव नाही. डोळ्यांची अवस्था, डोळ्यांची कृती किंवा डोळ्यांचं माप, एवढंच ते सांगतात. आपण फार सभ्य होतो असं मला म्हणायचं नाही. 'नकटं नाक, मिचमिचे डोळे' हे नेपाळ्याचं वर्णन आपल्या गोष्टींमध्ये आहेच, आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं आणणारे आपणच. पण माणसाला त्याच्या पापणीवरून हाक मारायची, ती हाक म्हणजेच त्याचं नाव समजायचं, हे काम आपल्या शब्दांनी केलं नव्हतं. ते तिसऱ्या शब्दाने केलं.

तो शब्द 'चिंकी'.

आता लगेच कुणीतरी लिहील की आमच्या भाचीचं लाडाचं नाव चिंकी आहे, त्यात काय एवढं. असेल ना. पिंकी, चिंकी, त्याआधीची आपली चिंगी, ही लाडाची नावं वेगळी. भाचीला हाक मारताना तुम्ही तिच्या डोळ्यांकडे बोट दाखवत नाही. रस्त्यावरची हाक वेगळ्या घराण्यातली आहे.

ते घराणं इंग्रजी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत, विशेषतः पश्चिम किनाऱ्यावर, रेल्वेच्या आणि खाणींच्या कामावर हजारो चिनी मजूर होते. गोऱ्या कामगारांना त्यांची स्वस्त मजुरी डोळ्यांत खुपायला लागली आणि 'चिंक', 'चिंकी' या शिव्या रूढ झाल्या. इंग्रजीत 'चिंक' म्हणजे फटही होते, त्यामुळे फटीसारखे डोळे म्हणून चिंक, अशी व्युत्पत्ती बरेच जण सांगतात. अभ्यासकांचं यावर एकमत नाही. 'चायना' किंवा 'चिंग' या राजघराण्याच्या नावावरूनही तो आला असेल असं म्हणतात. पण व्युत्पत्ती काहीही असो, वापर काय होता ते स्वच्छ आहे. १८८२ मध्ये अमेरिकेने चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा केला. तो १९४३ पर्यंत टिकला. म्हणजे शिवी आणि कायदा साठ-एक वर्षं हातात हात घालून चालले.

याच काळात पाश्चात्त्य विद्वान माणसांची वर्गवारी करत होते. अठराव्या शतकाच्या शेवटी ब्लूमेनबाख या जर्मन शास्त्रज्ञाने मानवजातीचे पाच गट पाडले, त्यातला एक 'मंगोलियन'. आपल्या भूगोलाच्या पुस्तकातलं 'मंगोलवंशीय: पिवळसर वर्ण, चपटे नाक, बारीक डोळे' हे त्याचंच खापरपणतवंड. १८६६ साली लँगडन डाऊन या इंग्रज डॉक्टरने एका जन्मजात व्याधीच्या मुलांचं वर्णन केलं आणि त्यांच्या डोळ्यांवरून त्यांना 'मंगोलियन' ठरवलं. पुढे शंभर वर्षं वैद्यकात तो शब्द चालला. आपल्याकडेही जुन्या डॉक्टरांच्या तोंडी 'मंगोल बेबी' असायचं. १९६५ मध्ये मंगोलिया देशाने जागतिक आरोग्य संघटनेकडे रीतसर हरकत घेतली की आमच्या देशाचं नाव रोगाला लावू नका. संघटनेने तो शब्द सोडला. आज आपण डाऊन सिंड्रोम म्हणतो. शब्द मागे घेता येतो, त्याचा हा पुरावा. अर्थात हरकत घ्यायला त्यांच्याकडे एक अख्खा देश होता.

शरीरशास्त्राचं म्हणाल तर प्रकरण अगदी साधं आहे. वरच्या पापणीची कातडी नाकाकडच्या कोपऱ्यावर थोडी खाली येते आणि तिथे घडी पडते. पूर्व आशियात ती बहुतेकांना असते, ईशान्य भारतात पुष्कळांना, दक्षिण आफ्रिकेतल्या खोइसान लोकांतही दिसते, आणि आपल्या घरातल्या तान्ह्या बाळांत तर कितीतरी वेळा दिसते. नाकाचा पूल वर आला की बाळांची घडी जाते. म्हणजे ते डोळे बारीक 'केलेले' नसतात. फट अरुंद नसते, दृष्टीही कमी नसते. किलकिले हा शब्दच तिथे लागू पडत नाही.

बरं, मग हा शब्द आपल्याकडे रुजला कसा? इंग्रजी शब्द तर शेकड्याने आले आणि त्यातले निम्मे वाळून गेले. हा का जगला?

माझं मत सांगतो. त्याला खतपाणी १९६२ ने घातलं.

त्याआधीचं चित्र वेगळं होतं. मुंबईत माझगावला चिनी लोकांची वस्ती होती. १९१९ सालचं त्यांचं देऊळ अजून तिथे आहे. दातांचे डॉक्टर चिनी असायचे, चपला-बूट करणारे चिनी असायचे. सायकलवर रेशमाचे तागे लादून गावोगाव फिरणारे चिनी फेरीवाले होते. मृणाल सेन यांनी १९५९ मध्ये अशाच एका फेरीवाल्यावर बंगाली सिनेमा काढला होता, त्याचं मूळ महादेवी वर्मांच्या लेखनात. आपल्या घरात तर चीन रोज होता, चिनीमातीच्या बरणीत लोणचं मुरत होतं.

आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी एक. नागपूरचे डॉ. चोळकरही त्यात होते. बाकीचे परत आले, कोटणीस राहिले. जपानशी लढणाऱ्या चिनी सैनिकांवर शस्त्रक्रिया केल्या, चिनी भाषा शिकले, १९४१ मध्ये को चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं इनहुआ. त्यातलं 'इन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी कोटणीस गेले. १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी त्यांच्यावर सिनेमा काढला. कोटणीस झाले स्वतः शांताराम, आणि चिनी बायको झाली जयश्री. म्हणजे त्या काळी मराठी प्रेक्षकाला पडद्यावरची चिनी मुलगी सून म्हणून पसंत होती, भले ती भूमिका करणारी नटी आपलीच असेल.

मग ऑक्टोबर १९६२. युद्ध महिनाभरात संपलं, पण त्यासोबत एक काम झालं ज्याबद्दल आपण फार कमी बोलतो. आसाम, दार्जिलिंग, शिलाँग या भागातल्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना उचलून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेलं. आसाममधलं माकूम हे गाव त्यात जवळपास रिकामं झालं. यातले कितीतरी जण इथेच जन्मलेले, चहाच्या मळ्यांवर आणलेल्या मजुरांची नातवंडं. कुणाची आई आसामी, कुणाची खासी. चिनी भाषा न येणारेही होते. आगगाडीने कित्येक दिवसांचा प्रवास, सोबत लहान मुलं. काही जण १९६७ पर्यंत तिथे होते. सुटून आले तेव्हा घरं-दुकानं लिलावात गेलेली. बरेच जण पुढे कॅनडाला निघून गेले. आसामी लेखिका रीता चौधरी यांची 'माकाम' ही कादंबरी यावरच आहे, २०१० ची.

या लोकांना कोणत्या पुराव्यावर उचललं? बहुतेकांच्या बाबतीत वंश, आणि वंश ओळखायची खूण चेहरा. शत्रू सीमेवर असतो हे खरं, पण सामान्य माणसाला सीमा दिसत नाही, चेहरा दिसतो. १९६२ ने देशाला हरल्याची जखम दिली आणि त्या जखमेला एक चेहरा चिकटवला. त्यानंतर जो कुणी त्या चेहऱ्याचा दिसेल, मग तो कोहिमाचा असो, गंगटोकचा असो की काठमांडूचा, त्याला आपण एकाच पोत्यात भरलं. पोत्यावर लिहायला शब्द हवा होता, तो इंग्रजीत तयारच होता.

सिनेमाने पोतं शिवून दिलं. डॅनी डेन्झोंग्पा सिक्कीमचे. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. मूळ नाव शेरिंग फिंत्सो, ते कुणाला उच्चारता येईना म्हणून वर्गमैत्रीण जया भादुरींनी 'डॅनी' सुचवलं. मोठा नट, गळाही चांगला. १९९० च्या 'अग्निपथ'मध्ये ते खलनायक झाले. गाव कुठलं, तर आपलं मांडवा, रायगड जिल्ह्यातलं, आज गेटवेवरून लाँच जाते ते. आणि खलनायकाचं नाव काय? कांचा चीना. 'कान्छा' म्हणजे नेपाळीत धाकटा मुलगा, घरातलं शेंडेफळ. पुढे 'चीना' लावलं की झाला गावाचा शत्रू. एक नेपाळी लाडाचा शब्द, एक शत्रूचा देश आणि एक सिक्कीमचा भारतीय नट, तिघांचं एकच नाव. २०१२ मध्ये सिनेमा पुन्हा निघाला, कांचा झाले संजय दत्त. चेहरा बदलला तरी नावातला चीना तसाच.

२०१४ मध्ये तर अजून पुढे गेलो. मणिपूरच्या मुष्टियोद्धा मेरी कोम यांच्यावर सिनेमा आला, भूमिका प्रियांका चोप्रा यांची. देशाला पदक आणणारी बाई चालते, पण तिच्यासारख्या चेहऱ्याची नटी चालत नाही. मणिपूरमध्ये सिनेमा लागलाच नाही. तिथल्या एका बंडखोर संघटनेने २००० पासून हिंदी सिनेमांवर बंदी घातली होती. ज्यांचा सिनेमा, त्यांनाच तो बघायला मिळाला नाही. दोन्हीकडून आंधळेपणा.

आता महाराष्ट्राकडे येतो, नाहीतर म्हणाल की हा दिल्लीचा प्रश्न आहे.

रत्नागिरी-देवगडच्या हापूसच्या बागा बघा. राखण, फवारणी, काढणी, पेट्या भरणं, यातलं किती काम आज नेपाळी कामगारांवर चाललंय ते बागायतदाराला विचारा. मासेमारीच्या ट्रॉलरवर नेपाळी खलाशी असतात. ज्यांना समुद्रच नाही त्या देशातली माणसं आपली बोट चालवतात. गावात रात्री शिट्टी वाजवत फिरणारा गुरखा महिन्याला घरटी पैसे मागायला यायचा. आमच्या गल्लीत त्याचं खरं नाव कुणालाच माहीत नव्हतं. बहादूर. त्याच्याआधीचाही बहादूर, नंतरचाही बहादूर. शहरात मोठ्या पार्लरमध्ये मिझोरामच्या मुली, हॉटेलात नागालँडची मुलं. आणि प्रत्येक एसटी स्टँडबाहेर लाल अक्षरांची 'चायनीज' गाडी, जिच्यावर मिळणाऱ्या मांचुरियनचा मांचुरियाशी काडीचा संबंध नाही. तो पदार्थ १९७५ च्या सुमारास कोलकात्यात जन्मलेल्या नेल्सन वांग यांनी मुंबईच्या क्रिकेट क्लबात बनवला असं सांगतात. पदार्थ आपण भारतीय करून टाकला. माणसं मात्र चायनीजच राहिली.

ऑगस्ट २०१२ आठवतो का? आसाममध्ये कोक्राझारला हिंसाचार झाला आणि त्याचा बदला म्हणून ईशान्येच्या लोकांवर हल्ले होणार, अशा अफवा मोबाईलवरून पसरल्या. पुण्यात मारहाणीच्या काही घटना झाल्याही. बंगळुरू, पुणे, चेन्नई, हैदराबाद इथून हजारो लोक गुवाहाटीच्या गाड्यांत बसले. रेल्वेने जादा गाड्या सोडल्या. सरकारने देशभर एकगठ्ठा एसएमएसवर पंधरा दिवस बंदी घातली, दिवसाला पाचच. पुणे स्टेशनवरचे ते फोटो मी तेव्हा आमच्या पानावर लावले होते. पाठीला सॅक आणि हातात उशी घेतलेली मुलं. उशी घेऊन पळणारा माणूस परत यायचं ठरवून निघालेला नसतो. त्यांना कुणी नाव विचारून मारत नव्हतं. आसाममधला वाद कुठल्या दोन समाजांचा, याच्याशी त्यातल्या मणिपुरी-नागा मुलांचा काही संबंध नव्हता. ओळखीला चेहरा पुरेसा होता.

त्याच वर्षी, मे २०१२ मध्ये, केंद्रीय गृहमंत्रालयाने सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं की ईशान्येकडच्या अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला 'चिंकी' वगैरे म्हणणं हा अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा धरा. पाच वर्षांपर्यंत शिक्षा. तेव्हा त्याची चेष्टाही झाली, एका शब्दाला पाच वर्षं? दीड वर्षाने, जानेवारी २०१४ मध्ये, अरुणाचलच्या आमदाराचा मुलगा निडो तानिया दिल्लीच्या लाजपतनगरात पत्ता विचारायला थांबला. त्याच्या केसांवरून, दिसण्यावरून टिंगल झाली, भांडण झालं, मारहाण झाली. दुसऱ्या दिवशी तो मेला. सुरुवात शब्दांपासूनच होती.

त्यानंतर बेजबरुआ समिती नेमली. जुलै २०१४ मध्ये अहवाल आला. भारतीय दंड विधानात दोन नवी कलमं घाला, वंशावरून अपमान करणं हा स्वतंत्र, दखलपात्र गुन्हा करा, असं समितीने सुचवलं. ती कलमं सुचवली तशी आलीच नाहीत. मार्च २०२० मध्ये त्याच चेहऱ्यांना नवीन हाक मिळाली, 'कोरोना'. दिल्लीत एका मणिपुरी मुलीवर एक जण थुंकला. गृहमंत्रालयाने पुन्हा राज्यांना पत्र लिहिलं.

आता आमच्या ठाण्याची गोष्ट.

आमच्या गावात स्टँडजवळ मोमोजची गाडी आहे. चालवणारा पोरगा पंचविशीचा, मणिपूरचा, कुकी समाजातला. मे २०२३ नंतर तिथे जे झालं त्यात घर जळालं, भावंडं छावणीत, हा पोटासाठी फिरत फिरत इथवर आला. मराठी बऱ्यापैकी बोलतो, 'दादा, चटणी तिखट देऊ का' इतपत. रोज संध्याकाळी काही टोळभैरव गाडीवर बसायचे, त्याला चिंकी म्हणायचे, तो हसायचा. एका दिवशी पैसे मागितले, तेव्हा तोच शब्द शिवीसारखा आला, सोबत 'चीनला जा' आणि कानाखाली. कढई उलटली, पोळला नाही हे नशीब.

त्याच्यासोबत शेजारचा पावभाजीवाला आणि मी, असे ठाण्यात गेलो. हवालदार वाईट माणूस नव्हता. पाणी दिलं, बसवलं, लिहून घेतलं. लिहिलं काय, तर 'अश्लील शिवीगाळ करून हाताने मारहाण केली व दमदाटी केली'. गेली कित्येक वर्षं मी ही ओळ वाचतोय. भाऊबंदकीची मारामारी असो की बांधाचं भांडण, ओळ तीच. मी म्हटलं, साहेब, शब्द लिहा. कोणता शब्द वापरला तो. ते म्हणाले, "अहो, तो काय लिहायचा? ती काय शिवी आहे का? आमच्या पोरीला घरी तेच म्हणतात." खोटं बोलत नव्हते ते. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

पण त्या एका शब्दावर सगळं अडलेलं असतं. शब्द नाही तर ती साधी मारहाण, भारतीय न्याय संहितेची ११५(२), ३५२, ३५१ ही कलमं, अदखलपात्र, म्हणजे आपण ज्याला एन.सी. म्हणतो. कोर्टात जा, स्वतःच्या पायाने. शब्द लिहिला आणि तो जमातीवरून सार्वजनिक ठिकाणी केलेला अपमान ठरला, तर अ‍ॅट्रॉसिटी लागते, गुन्हा दखलपात्र होतो, तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे जातो. 'अश्लील शिवीगाळ' या दोन शब्दांत कायद्याने दिलेला हक्क बसल्या जागी गिळला जातो. दलित वस्त्यांतल्या किती प्रकरणांत हेच होतं ते जिल्ह्यात बातमीदारी करणाऱ्या कुणालाही विचारा.

मग दुसरा मुद्दा निघाला. हा मणिपूरचा, त्याची जमात महाराष्ट्राच्या यादीत नाही, मग इथे अ‍ॅट्रॉसिटी कशी लागेल? प्रश्न चुकीचा नव्हता, बरीच वर्षं यावर घोळ होता. पण डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने निकाल दिलाय की अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला या कायद्याचं संरक्षण देशात कुठेही मिळतं, फक्त मूळ राज्यात नाही. निकालाची बातमी मोबाईलवर काढून दाखवली. साहेबांनी वाचली, वरिष्ठांना फोन केला.

यात अजून एक गोम आहे आणि ती मला जास्त बोचते. हा पोरगा कुकी म्हणून अनुसूचित जमातीत बसतो. त्याच्या जागी मणिपूरचाच मैतेई असता, किंवा बागेत राबणारा नेपाळी असता, तर हाच शब्द, हीच कानाखाली, हाच चेहरा, आणि कायदा मात्र नाही. मारणारा कुठे जमात विचारून मारतो? तो डोळे बघून मारतो. बेजबरुआ समितीने सुचवलेल्या कलमांची गरज इथे होती, वंशावरून अपमान म्हणजे वंशावरून अपमान, यादी कुठलीही असो. दहा वर्षांनंतर दंड विधान जाऊन न्याय संहिता आली, एवढी मोठी उलथापालथ केली, तेव्हा ती दोन कलमं घालायला जागा नव्हती असं नाही.

दुसऱ्या दिवशी एका दैनिकात बातमी आली. चार ओळी. शीर्षक होतं 'नेपाळी युवकास मारहाण'. मी त्या वार्ताहराला फोन केला, म्हटलं, अरे तो मणिपूरचा, भारताचा नागरिक आहे. तो म्हणाला, "भाऊ, दिसायला तसाच आहे ना, घाईत गेलं." खुलासा तिसऱ्या दिवशी आला, निविदेच्या जाहिरातीखाली. पोराने दोन्ही कात्रणं पाकिटात ठेवलीत. एकदा मला विचारलं, दादा, यात काय लिहिलंय? पहिलं वाचून दाखवलं तेव्हा तो काही बोलला नाही, गॅसची शेगडी बारीक केली आणि वाफेचं झाकण उघडलं.

पुरवणी जबाब आठ दिवसांनी झाला. त्यात तो शब्द आता आहे, अवतरणचिन्हांत, देवनागरीत. कलमं वाढवायची की नाही ते उपअधीक्षक कार्यालय ठरवेल. त्यासाठी त्यांनी जमातीचा दाखला मागितलाय. दाखला मणिपूरच्या घरात होता, घराबरोबर जळाला. नक्कल मिळावी म्हणून तिथल्या जिल्ह्याच्या उपायुक्त कार्यालयाला अर्ज गेलाय, एक ईमेलने, एक रजिस्टर पोस्टाने. पोस्टाची पावती माझ्याकडे आहे. उत्तर अजून आलेलं नाही.